यादीत आयपी आहे, तरी कनेक्शन नाकारले जाते: पत्त्याचे रूप नेमके कुठे बदलते?

लक्षण बहुतेक वेळा सारखेच असते. ॲप्लिकेशनच्या परवानगी यादीत १९२.०.२.३३ हा पत्ता आहे आणि त्या मशीनवरून कालपर्यंत कनेक्शन व्यवस्थित होत होते. मग सर्व्हर अपग्रेड होतो, किंवा कॉन्फिगरेशनमधला ऐकण्याचा पत्ता ०.०.०.० (आयपीव्ही४चे सगळे पत्ते) ऐवजी :: (आयपीव्ही६मधले तेच) होतो, आणि तेच मशीन नाकारले जाऊ लागते. यादी पुन्हा तपासली जाते. आकडे बरोबर असतात, पिंग जातो, पोर्ट उघडा असतो. शेवटी कुणीतरी लॉग नीट वाचतो आणि तिथे ::एफएफएफएफ:१९२.०.२.३३ सापडतो. तो यादीत घातला की काम सुरू होते, तिकीट बंद होते, आणि काही दिवसांनी दुसऱ्याच सेवेवर हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पुन्हा उभा राहतो, कारण इलाज एका पत्त्यापुरता झालेला असतो. एका प्रोटोकॉलचा (उदाहरणार्थ ३२ बिटांच्या आयपीव्ही४चा) पत्ता दुसऱ्याच्या (१२८ बिटांच्या आयपीव्ही६च्या) साच्यात बसवण्याचे नियम ठरलेले आहेत आणि ते लपलेलेही नाहीत. पण तो नियम कोणत्या टप्प्यावर लागला हे न पाहताच आपण दोन ठिकाणचे मजकूर एकमेकांशी ताडून बघतो. टप्पा सापडला की बाकीचे काम सोपे असते. खाली सर्वांत जास्त छळणारा प्रकार आधी सविस्तर घेतो. मग नॅट६४ (आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ यांमधला दुभाषा) आणि मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणे) घेतो, कारण तिथे दुखणे तेच असले तरी लक्षणे फार फसवी असतात.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. हेक्समधली ए ते एफ ही अक्षरे इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची. १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २००१:डीबी८::/३२ हे पट्टे (तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे सुरुवातीचे किती बिट पक्के आहेत ते, आणि :: म्हणजे सलग शून्ये) उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. तुमच्या नेटवर्कवर वापरताना तिथे स्वतःचे पत्ते घाला.

वायरवर काय आहे, ॲप्लिकेशनला काय दिसते

सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावा आणि त्या क्लायंटचे पॅकेट येताना बघा. पॅकेट आयपीव्ही४चे असते. हेडरमध्ये १९२.०.२.३३ हे चार बाइट असतात आणि आयपीव्ही६चा मागमूसही नसतो. म्हणजे नेटवर्कमध्ये काहीही बदललेले नाही. बदल सर्व्हरच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) झाला, आलेले कनेक्शन सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूच्या टोकाच्या, हवाली करताना.

आयपीव्ही६चा सॉकेट १२८ बिटांचाच पत्ता जाणतो. ३२ बिटांचा पत्ता त्याला दाखवायचा तर कर्नल आधी ८० बिट शून्य ठेवतो, मग १६ बिट एक, आणि शेवटी मूळचे ३२ बिट. याला आयपीव्ही४-मॅप्ड पत्ता म्हणतात. त्याची व्याख्या २००६च्या आरएफसी ४२९१ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज), आणि सॉकेटने तो कसा हाताळायचा हे २००३च्या आरएफसी ३४९३ मध्ये. यामागचा विचार चांगलाच होता: प्रोग्रॅमरने एक सॉकेट उघडावा आणि दोन्ही प्रकारच्या क्लायंटना त्यावर येता यावे.

हे होऊ द्यायचे की नाही, ते आयपीव्ही६_व्ही६ओन्ली हा सॉकेट पर्याय ठरवतो. आरएफसीप्रमाणे तो मुळात बंद असायला हवा आणि लिनक्सवर तसाच असतो. विंडोजवर तो मुळात चालू असतो, फ्रीबीएसडीवरही चालू असतो, आणि ओपनबीएसडीने तर मॅप्ड पत्त्यांची सोयच ठेवलेली नाही. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर १.३.४ आवृत्तीपासून स्वतःच्या लिसन ओळींसाठी तो चालू धरतो. उलट नोड.जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) पत्ता न देता सर्व्हर सुरू केला आणि मशीनवर आयपीव्ही६ उपलब्ध असेल, तर तो :: वर ऐकतो. त्यामुळे त्याच मशीनवरून १२७.०.०.१ ला केलेली विनंतीसुद्धा ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ कडून आल्यासारखी दिसते. 'माझ्याकडे चालते, सर्व्हरवर चालत नाही' या तक्रारीत कोडमधला एकही शब्द वेगळा नसतो. वेगळी असते ती या एका पर्यायाची मुळातली स्थिती, चालू की बंद.

लिनक्सवर खात्री करून घ्यायची असेल तर /प्रॉक/नेट/टीसीपी६ ही फाइल उघडा. नेहमीच्या एक्स८६ मशीनवर आपल्या क्लायंटची ओळ तिथे अशी दिसेल: ००००००००००००००००एफएफएफएफ००००२१०२००सी०. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. इथे चार-चार बाइटांचे गट केलेले आहेत आणि प्रत्येक गट आतून उलटा छापलेला आहे. शेवटचा गट २१०२००सी० उलटा वाचला की सी०, ००, ०२, २१ मिळतात, म्हणजे १९२, ०, २, ३३. त्याच्या आधीच्या गटात एफएफएफएफ पुढे आणि शून्ये मागे दिसतात तेही याच कारणाने. अपूर्णविरामानंतरचा पोर्ट मात्र सरळ छापलेला असतो: १एफ९० म्हणजे ८०८०. पत्ता उलटा आणि पोर्ट सरळ, हे ठाऊक नसेल तर ३३.२.०.१९२ नावाच्या अस्तित्वात नसलेल्या क्लायंटचा शोध सुरू होतो.

आता फायरवॉल. ती पॅकेट पाहते आणि पॅकेट आयपीव्ही४चे आहे. लॉगमध्ये ::एफएफएफएफ: दिसले म्हणून आयपी६टेबल्समध्ये (लिनक्सच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये) नियम लिहिणारे पुष्कळ जण असतात. त्या नियमाचा काउंटर शून्यावरच राहतो, कारण हे कनेक्शन त्या टेबलाकडे कधी जातच नाही. नियम आयपीव्ही४च्या टेबलातच हवा. उघडे सॉकेट दाखवणाऱ्या नेटस्टॅटमुळेही असाच गैरसमज होतो. तिथे टीसीपी६ आणि :::८०८० एवढेच दिसते आणि सर्व्हर फक्त आयपीव्ही६वर ऐकतोय असे वाटते. एसएस या आदेशाच्या अलीकडच्या आवृत्त्या हा फरक दाखवतात: दोन्हींवर ऐकणारा सॉकेट *:८०८० असा येतो, आणि फक्त आयपीव्ही६वाला [::]:८०८० असा. त्यामुळे मी नेटस्टॅटवर विसंबणे सोडून द्या असेच सांगेन.

दोन्ही रूपे यादीत घालणे हा इलाज का नाही

पहिले कारण, एकाच पत्त्याची रूपे दोनच नसतात. ::एफएफएफएफ:१९२.०.२.३३ आणि ::एफएफएफएफ:सी०००:२२१ हा बिट न् बिट एकच पत्ता आहे. एक लायब्ररी पहिल्या तऱ्हेने छापते, दुसरी दुसऱ्या. कुणी अक्षरे मोठी छापतो, कुणी सगळी शून्ये लिहून ०:०:०:०:०:एफएफएफएफ:सी०००:०२२१ करतो. लिहिण्याची एकच रीत असावी म्हणून २०१०मध्ये आरएफसी ५९५२ आला, पण सगळे त्याप्रमाणे छापतातच असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पत्त्यांची तुलना मजकूर म्हणून करूच नये. दोन्ही बाजू पार्स करून, म्हणजे मजकुरातून मूळ बाइट काढून, ते बाइट ताडायचे.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. यादीत एक पत्ता नसून पट्टा असतो तेव्हा १९२.०.२.०/२४ चे मॅप्ड रूप लिहिताना लोक पुढे ::एफएफएफएफ: लावतात आणि /२४ तसेच ठेवतात. खरे तर आधीचे ९६ बिटही मोजात धरावे लागतात: ९६ आणि २४ मिळून १२०, म्हणून बरोबर रूप ::एफएफएफएफ:१९२.०.२.०/१२०. /२४ तसेच ठेवले तर 'पहिले २४ बिट शून्य असलेला कुठलाही पत्ता' असा नियम तयार होतो. त्यात आयपीव्ही४चा प्रत्येक मॅप्ड पत्ता बसतो. आपल्या एका ऑफिससाठी लिहिलेली ओळ सगळ्या इंटरनेटला दार उघडून देते, आणि आपला क्लायंट आत येऊ लागल्यामुळे 'दुरुस्त झाले' म्हणून ती तिथेच राहते. ही चूक त्रास देत नाही, म्हणूनच ती सापडत नाही. आजच आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये ::एफएफएफएफ: शोधा आणि त्यापुढची लांबी ९६ पेक्षा कमी कुठे आहे ते पाहा.

इलाज दोनच आहेत. सेवा आपल्या हातात असेल तर दोन स्वतंत्र सॉकेट उघडा, एक आयपीव्ही४चा आणि एक व्ही६ओन्ली चालू केलेला आयपीव्ही६चा. मॅप्ड पत्ता मग ॲप्लिकेशनपर्यंत पोचतच नाही. मला हाच मार्ग जास्त पसंत आहे, कारण पुढच्या प्रत्येक थरातले गोंधळ इथेच थांबतात. फ्रेमवर्क तसे करू देत नसेल, तर कनेक्शन स्वीकारल्यानंतर सर्वांत पहिल्या ठिकाणी पत्ता मूळ रूपात आणा आणि त्यापुढे लॉग, यादी, मर्यादा, डेटाबेस सगळीकडे तेच रूप वापरा. पायथनच्या आयपीॲड्रेस मॉड्यूलमध्ये आयपीव्ही६ पत्त्याला आयपीव्ही४_मॅप्ड नावाचा गुणधर्म आहे. तो रिकामा नसेल तर त्याचीच किंमत पुढे न्यायची. बाकी भाषांतही असे काही ना काही मिळते. मात्र मजकुरातून ::एफएफएफएफ: कापून टाकणारे रेगएक्स (मजकुरातला नमुना शोधणारे सूत्र) लिहू नका, सी०००:२२१ या रूपापुढे ते हात टेकते.

काही सॉफ्टवेअर मुद्दामच हे दोन प्रकार वेगळे ठेवते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजी_एचबीए या प्रवेश-नियमांच्या फाइलमध्ये आयपीव्ही४ रूपात लिहिलेली ओळ फक्त आयपीव्ही४ कनेक्शनला लागू पडते आणि आयपीव्ही६ रूपातली फक्त आयपीव्ही६ला, मग त्या पत्त्यात आतमध्ये आयपीव्ही४ दडलेला का असेना. तिथे मॅप्ड ओळ घालून काहीही साधत नाही.

याच मुळाचे आणखी दोन त्रास

विनंत्यांची मर्यादा घालताना आयपीव्ही६ क्लायंट सहसा /६४ने मोजतात, आणि ते योग्यच आहे, कारण एकेका ग्राहकाला निदान तेवढा पट्टा मिळतो आणि तो त्यातले पत्ते हवे तसे बदलू शकतो. पण मॅप्ड पत्त्याचे पहिले ६४ बिट नेहमी शून्य असतात. पत्ता मूळ रूपात न आणता /६४ काढला तर आयपीव्ही४वरून येणारे झाडून सगळे एकाच ::/६४ खात्यात जमा होतात. एकाने मर्यादा ओलांडली की सगळेच अडकतात. 'अधूनमधून सर्वांनाच ४२९ मिळतो, आयपीव्ही६वाल्यांना मात्र नाही' असे ऐकलेत (४२९ म्हणजे 'विनंत्या फार झाल्या') तर आधी इथे बघा.

दुसरा त्रास डेटाबेसचा. आयपीव्ही४ पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांचा, म्हणून कॉलमही १५चा. त्यात ::एफएफएफएफ:१९२.०.२.३३ हा रोमनमध्ये १७ अक्षरांचा मजकूर आला आणि डेटाबेसने मुकाट्याने कापला, तर शेवटचे ३३ गळून पडतात आणि १९२.०.२. एवढेच उरते. त्या पट्ट्यातली सगळी मशीन अहवालात एकच होऊन बसतात. पत्त्यांसाठी डेटाबेसचा स्वतःचा प्रकार असेल तर तोच वापरा. नसेल तर ४५ अक्षरांची जागा ठेवा, किंवा सरळ १६ बाइट.

बाहेर जाणाऱ्या कनेक्शनबाबतही एवढीच काळजी हवी. वापरकर्त्याने दिलेल्या दुव्यावर सर्व्हर स्वतः जात असेल आणि १२७.०.०.१ला बंदी असेल, तर ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ त्या बंदीतून निसटतो आणि कर्नल त्याला नेमका लूपबॅकवरच (त्याच मशीनवर परत) नेतो. तसेच १२७.१ आणि २१३०७०६४३३ ही रूपेही पत्ता वाचण्याची जुनी इनेट_एटॉन पद्धत १२७.०.०.१ म्हणूनच वाचते. ०१०.०.०.१ ती ८.०.०.१ म्हणून वाचते, कारण सुरुवातीच्या शून्यामुळे आकडा अष्टमान धरला जातो. पायथनचे आयपीॲड्रेस मॉड्यूल काही काळ अशी पुढची शून्ये चालवून घेत होते आणि आकडा दशमान धरत होते. तपासणारा एक पत्ता वाचणार आणि जोडणारा दुसरा, असा तो घोळ होता. ३.९.५ पासून ते असा पत्ता नाकारते, आणि नाकारणे हेच बरोबर आहे. नियम साधा ठेवा: जो पत्ता तपासला, त्याच पार्स केलेल्या बाइटांवर कनेक्ट करा. मजकूर पुन्हा पार्स करू नका.

नॅट६४: इथे रूपांतर खरोखरच वाटेत होते

फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवरून आयपीव्ही४चे सर्व्हर गाठायचे असतील तर नॅट६४ लागतो, आणि त्याच्या जोडीला डीएनएस६४ (नावाचे उत्तर तशा रूपात देणारा डीएनएस). दोन्ही २०११ मध्ये आरएफसी ६१४६ आणि ६१४७ म्हणून आले. पत्ता कसा गुंफायचा ते २०१०च्या आरएफसी ६०५२ मध्ये आहे. ठरलेला प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) ६४:एफएफ९बी::/९६ असून १९८.५१.१००.२७ त्यात ६४:एफएफ९बी::सी६३३:६४१बी होतो. मॅप्ड पत्त्याशी याचे साम्य दिसते, पण हा पत्ता वायरवर खरोखर फिरतो, राउटर त्यावरून मार्ग काढतात आणि फायरवॉलला तो आयपीव्ही६ म्हणूनच दिसतो. म्हणून सुरुवातीची तपासणी इथेही तीच: टीसीपीडंपमध्ये काय दिसते?

नेहमीची तक्रार अशी असते की ब्राउझर चालतो, पण ॲपमधली एखादीच गोष्ट चालत नाही. डीएनएस६४ नावाला पत्ता देताना रूपांतर करतो. ॲपने नाव न विचारता १९८.५१.१००.२७ असा पत्ताच कोडमध्ये किंवा सर्व्हरच्या उत्तरात दिला असेल, तर रूपांतर करायला मध्ये कुणीच नसते. फोनवर ४६४एक्सलॅट (फोनमध्येच हे रूपांतर करणारी सोय) असेल तर तो अशा पत्त्यांना सांभाळून घेतो, आणि त्यामुळेच एका फोनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही असेही होते. ॲपलने जून २०१६ पासून ॲप स्टोअरमध्ये येणाऱ्या ॲपना फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर चालण्याची अट घातली, ती याच कारणाने. खरा इलाज एकच: पत्त्याऐवजी नाव वापरा.

आपण अशा नेटवर्कवर आहोत का हे कळायला आयपीव्ही४ओन्ली.अर्पा या नावाचे एएएए रेकॉर्ड (नावाचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) विचारा. या नावाला मुळात १९२.०.०.१७० आणि १९२.०.०.१७१ हे दोन आयपीव्ही४ पत्तेच आहेत. एएएए उत्तर आले तर ते डीएनएस६४ने बनवलेले आहे, आणि त्यात सी०००:एए आणि सी०००:एबी कुठे बसलेत ते पाहिले की नेटवर्कचा प्रीफिक्सही कळतो. नुसते रिकामे उत्तर आले तर डीएनएस६४ नाही, किंवा तुमचे मशीन दुसऱ्याच रिझॉल्व्हरला (नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतेय. व्हीपीएन किंवा हाताने घातलेला सार्वजनिक डीएनएस हे त्याचे नेहमीचे कारण.

प्रीफिक्स ९६ बिटांचा नसेल तर हाताने गणित करताना हमखास चुकते. बिट ६४ ते ७१ हा एक बाइट नेहमी शून्य ठेवायचा असतो, त्यामुळे आयपीव्ही४चे चार बाइट मधोमध तुटू शकतात. २००१:डीबी८:१२२::/४८ मध्ये १९२.०.२.३३ घातला की २००१:डीबी८:१२२:सी०००:२:२१०० आणि पुढे शून्ये असे होते. पहिले दोन बाइट, मग सक्तीचे शून्य, मग ०२ आणि २१. /६४ प्रीफिक्स असेल तर सुरुवातीलाच शून्य बाइट येतो आणि पत्ता :सी०:२:२१००:: असा संपतो. लॉगमध्ये २१०० पाहून ३३ ओळखणे कठीण, म्हणून हे काम लायब्ररीवरच सोपवा.

सुरक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून तपासा. एखाद्या आयपीव्ही४ पत्त्याकडे जाण्यास बंदी घातली असेल, तर त्याचे नॅट६४ रूपही बंद आहे ना? फायरवॉल नॅट६४च्या आतल्या बाजूला असेल तर आयपीव्ही४चा नियम तिथे कधीच लागत नाही. आणि ६४:एफएफ९बी::/९६ हा प्रीफिक्स १०.०.०.०/८ सारख्या खाजगी पत्त्यांसाठी वापरायचा नसतो. त्यासाठी स्वतःचा प्रीफिक्स घ्या, किंवा २०१७ पासून स्थानिक वापरासाठी राखलेला ६४:एफएफ९बी:१::/४८.

मल्टिकास्ट: ३२ पत्ते, एकच मॅक

इथली तक्रार वेगळीच असते. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टकडे सोडण्याची सोय) चालू आहे, तरी एका व्हिडिओ स्ट्रीमने सगळे पोर्ट भरून जातात. बाकीचे स्ट्रीम नीट वागतात. स्विच बदलून पाहिला, फर्मवेअर बदलले, फरक शून्य.

त्या स्ट्रीमचा ग्रुप पत्ता बघा. समजा तो २३९.१२८.०.५ आहे. आयपीव्ही४ मल्टिकास्ट इथरनेटवर पाठवताना त्याचा मॅक (इथरनेटचा सहा बाइटांचा पत्ता) बनवायला ०१:००:५ई हे तीन बाइट घेतात आणि पुढे आयपी पत्त्याचे खालचे २३ बिट ठेवतात. हा नियम १९८९च्या आरएफसी १११२ पासून आहे. मल्टिकास्ट पत्त्याचे पहिले चार बिट ठरलेले, म्हणजे २८ बिट उरले, आणि त्यातले २३च मॅकमध्ये जातात. पाच बिट गळतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या ग्रुपना एकच मॅक मिळतो. आपल्या पत्त्यात २३९ पूर्ण गळतो, १२८चा सर्वांत वरचा बिट गळून शून्य उरतो, आणि मॅक होतो ०१:००:५ई:००:००:०५. हाच मॅक २२४.०.०.५चा, म्हणजे ओएसपीएफ (मार्ग ठरवण्याचा प्रोटोकॉल) चालवणाऱ्या राउटरांच्या ग्रुपचाही आहे. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा नेटवर्कच्या आतल्या नियंत्रणासाठी असल्याने स्विच तो सगळ्या पोर्टवर सोडतात. मॅकवरून निर्णय घेणाऱ्या स्विचला तुमचा व्हिडिओ आणि ओएसपीएफ यांत फरक दिसतच नाही.

टीसीपीडंपला लिंक थराचे हेडर दाखवायला सांगा, मॅक लगेच समोर येईल. मग ग्रुप पत्ता असा निवडा की दुसरा आकडा ० किंवा १२८ आणि त्याच वेळी तिसरा ० असे होणार नाही. संस्थेच्या आतल्या वापरासाठी २३९.१९२.०.०/१४ हा पट्टा आहेच. त्यातला २३९.१९२.७.५ घेतला तर मॅक ०१:००:५ई:४०:०७:०५ होतो आणि पूर सहसा तिथेच थांबतो. दोन वेगळे स्ट्रीम एकमेकांच्या रिसीव्हरवर पोचत असतील तरी हेच गणित करा: २२४.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ यांचा मॅक एकच आहे.

आयपीव्ही६मध्ये ३३:३३ पुढे पत्त्याचे खालचे ३२ बिट येतात, त्यामुळे अशी टक्कर फार कमी होते. पण शेजाऱ्याचा मॅक शोधण्याचे काम तिथे मल्टिकास्टवरच चालते. २००१:डीबी८::५३०१ ला शोधणारे पॅकेट एफएफ०२::१:एफएफ००:५३०१ या ग्रुपला, म्हणजे ३३:३३:एफएफ:००:५३:०१ या मॅकला जाते. नेटवर्क कार्ड, व्हर्च्युअल स्विच किंवा ॲक्सेस पॉइंट हा मॅक गाळत असेल तर आयपीव्ही४ ठणठणीत आणि आयपीव्ही६ मुका, असे होते. याचे एक लक्षण अगदी हमखास: टीसीपीडंप सुरू असेपर्यंत आयपीव्ही६ चालते आणि तो बंद केला की थोड्या वेळाने थांबते. टीसीपीडंप कार्डाला येईल ते सगळे स्वीकारायला लावतो (हाच प्रॉमिस्क्युअस मोड), म्हणून तेवढा वेळ गाळणी निघालेली असते. प्रॉमिस्क्युअस मोड न लावता टीसीपीडंप चालवा आणि फरक पाहा. तेव्हाही बंदच राहिले तर दोष कार्डाच्या किंवा त्याच्या ड्रायव्हरच्या मल्टिकास्ट गाळणीत शोधा.

पत्त्यावरून मॅक काढणे

जुनी सवय अशी की एफई८०::२००:५ईएफएफ:एफई००:५३०१ पाहिला की मधले एफएफ आणि एफई काढायचे, पहिल्या बाइटचा सातवा बिट उलटायचा आणि मॅक ००:००:५ई:००:५३:०१ आहे असे सांगायचे. पत्ता मॅकवरून बनवलेला असेल तर हे बरोबर आहे. पण २०१४च्या आरएफसी ७२१७ प्रमाणे बनवलेल्या पत्त्यात मॅक नसतोच, आणि आता बऱ्याच प्रणाली तशाच पत्ते बनवतात. यादी मॅकवर आधारलेली असेल तर शेजारी-तक्ता (आयपी आणि मॅक यांच्या जोड्यांची मशीनकडची यादी) वाचा, पत्त्यावरून अंदाज बांधू नका. मॅक ताडतानाही ००-००-५ई-००-५३-०१ आणि ००००.५ई००.५३०१ ही रूपे आधी सहा बाइटांत आणा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे आणि रेडियस (नेटवर्कवरचा प्रवेश तपासणारे) सर्व्हर तो वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात.

पॅकेटच्या पोटातला पत्ता

हेडर बदलले तरी आतला मजकूर तसाच राहतो, आणि फाइल पाठवणाऱ्या एफटीपीसारखे प्रोटोकॉल पत्ता मजकुरातच पाठवतात. पोर्ट १९२,०,२,३३,३१,१४४ अशी ती आज्ञा असते: पहिले चार आकडे पत्ता, पुढचे दोन पोर्ट, ३१ गुणिले २५६ अधिक १४४ म्हणजे ८०८०. आयपीव्ही६ला त्यात जागाच नाही. लॉगिन होते आणि फाइलची यादी मागितली की सगळे अडकते, हे त्याचे लक्षण. वाटेतले उपकरण हा मजकूर बदलू शकते, पण कंट्रोल चॅनेल टीएलएसमध्ये (कूटबद्ध) असेल तर त्याला तो दिसत नाही. १९९८च्या आरएफसी २४२८ मधील ईपीएसव्ही ही आज्ञा फक्त पोर्ट सांगते, पत्ता सांगतच नाही, म्हणून तीच चालू करा.

कोडमध्ये कायम ठेवायच्या चाचण्या

वरचा पहिला प्रकार पुन्हा येऊ नये असे वाटत असेल तर पत्ता हाताळणाऱ्या फंक्शनला या किमती देऊन बघत राहा. १९२.०.२.३३, त्याची दोन्ही मॅप्ड रूपे आणि मोठ्या अक्षरांतले रूप यांचे उत्तर एकच आले पाहिजे. १९२.०.२.०/२४ च्या यादीत यांतले प्रत्येक रूप बसले पाहिजे आणि ::एफएफएफएफ:१९८.५१.१००.२७ बसता कामा नये. ही शेवटची तपासणीच चुकीच्या /२४ला पकडते. ०१०.०.०.१ नाकारला गेला पाहिजे. दोन वेगळ्या मॅप्ड पत्त्यांना मर्यादेची दोन वेगळी खाती मिळाली पाहिजेत. आणि ही चाचणी लिनक्स व विंडोज दोन्हींवर, खरा सॉकेट उघडून चालवा, कारण व्ही६ओन्लीचा फरक नुसते फंक्शन तपासून दिसत नाही.